सकाळचे चौदा मिलिमीटर

"चौदा हजार!" असा माइकवर पुकारा झाला आणि हॉलमधली अडीचशे-तीनशे माणसं एकदम उठून उभी राहिली. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळे पुसले. शेजारच्या बाईने ओळखदेख नसताना माझा दंड गच्च धरला. आणि जिच्यामुळे हा सगळा कल्लोळ चालला होता ती माझी तेरा वर्षांची भाची भिंतीला पाठ लावून उभी होती. डोक्यावर लाकडी फळी टेकवलेली, केस विस्कटलेले, डोळ्यांत अजून झोप. सकाळचे सहा वाजले होते.

"काल संध्याकाळी या कन्येच्या पाठीवर भार होता," उंचीबाबा म्हणाले. त्यांचे भक्त त्यांना भारहारी म्हणत. उंचीबाबा हे नाव मी ठेवलेलं. "आज तो भार नाही. भार उतरला, देह वर आला. चौदा हजार सूक्ष्म! एका निद्रेत! विज्ञानाला विचारा, जमतं का?"

विज्ञानाला कोण विचारणार? विज्ञान तिथे हजर नव्हतं. मी होते. मी कपडे शिवते. तीन शाळांचे गणवेश माझ्या दुकानातून जातात. वीस वर्षांत किती खांदे, किती कंबरा आणि किती पाय मोजले याची गणती नाही. मापाचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

तर सूक्ष्म म्हणजे काय, ते आधी सांगते. एका मिलिमीटरचे हजार सारखे भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. त्यालाच बाबांनी सूक्ष्म असं देखणं नाव दिलं होतं. चौदा हजारांना हजाराने भागा, उरतात चौदा मिलिमीटर. दहा मिलिमीटरचा एक सेंटिमीटर, म्हणजे झाले एक सेंटिमीटर आणि वर चार मिलिमीटर. शर्टाच्या बटणाहून थोडं जास्त. पण "ही मुलगी बटणाएवढी वाढली" असं माइकवर सांगितलं असतं तर आजोबांनी डोळे पुसले असते का? आमच्या वहिनीने तर त्याच दिवशी शेजारणीला सांगितलं, "चौदा हजारांनी वाढली हो." शेजारीण बिचारी घाबरून म्हणाली, "मग आता दार उंच करून घेणार?"

हसायला ठीक आहे. पण हसून प्रश्न सुटत नव्हता, कारण बटणाएवढी का होईना, वाढ खरी होती. मी गर्दी हटल्यावर भिंतीजवळ जाऊन ती पट्टी तपासली. स्टीलची, एकेका मिलिमीटरच्या रेघांची, चार स्क्रूंनी पक्की बसवलेली. पर्समधली टेप काढून तिच्यावर धरली. रेघेला रेघ जुळली. पट्टी जमिनीपासूनच सुरू होत होती, फळीही काटकोनात बसत होती. लबाडी सापडेना, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

भाचीच्या हातात कार्ड होतं. संध्याकाळ: १४७६. सकाळ: १४९०. दोन्ही आकडे मिलिमीटरमध्ये. मी मनातल्या मनात दहाने भागलं. एकशे सत्तेचाळीस पूर्णांक सहा सेंटिमीटर, आणि एकशे एकोणपन्नास. काही चुकलं नव्हतं.

"बघितलंत ना वन्सं?" वहिनी म्हणाली. ती इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळं हसत होती. "आता तो पट्टा नको. बाबांनी सांगितलंय, पट्टा म्हणजे भार."



पट्ट्याची गोष्ट अशी. भाचीला मी टाचणी म्हणते. आहेच तशी, बारीक, सरळ बोलणारी आणि टोचणारी. गेल्या वर्षी तिच्या शाळेचा स्कर्ट शिवला तर तो उजवीकडून वर जायला लागला. मी दुमड उसवली, पुन्हा घातली. पुन्हा तेच. टेबलावर ठेवला की स्कर्ट सरळ, तिच्या अंगावर गेला की वाकडा. मी दोनदा माझ्या हाताला शिव्या घातल्या. तिसऱ्या वेळी मात्र स्कर्ट बाजूला ठेवला आणि मुलीला मोजलं. दोन खांद्यांच्या उंचीत नऊ मिलिमीटरचा फरक. कमरेत बारा. स्कर्ट बरोबर होता. मुलीचा कणा बाजूला झुकत चालला होता.

मणक्यांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला आणि स्पष्ट सांगितलं. वाढीचं वय आहे, कणा झपाट्याने वाकू शकतो. कडक प्लास्टिकचा पट्टा, दिवसाचे वीस तास, वाढ थांबेपर्यंत. नेमाने घातला तर बहुतेक एवढ्यावर निभावेल. नाही घातला तर पुढे पाठ उघडून धातूच्या सळया बसवाव्या लागतील. आणि मग त्यांनी वहिनीकडे बघून सहज विचारलं, "घरी कुणाच्या लक्षात नाही आलं?"

तो प्रश्न वहिनीला लागला. ती बेकरीत काम करते, पहाटे जाते, दिवसभर भट्टीसमोर उभी असते. मुलीची पाठ नणंदेच्या टेपला कळली आणि आईला नाही, हे तिच्या मनात रुतून बसलं. त्यात टाचणी पट्टा घालून शाळेत गेली की पोरं पाठीवर टकटक करून "कोण आहे घरात?" विचारायची. मुलगी रडत घरी यायची, कमरेला पट्ट्याचे लाल वळ. अशा वेळी कुणीतरी भारहारींचं नाव सांगितलं. आणि भारहारींनी वहिनीला पहिल्याच भेटीत सांगितलं, "आईने केलेल्या चुकांचा भार मुलीच्या कण्यावर बसतो."

माझ्या भावजयीच्या वर्मावर त्या माणसाने नेमकं बोट ठेवलं. हे मी त्याला कधी माफ करणार नाही.

त्यांची रीत मोठी नामी होती. दिवसभराची कामं उरकून माणसं संध्याकाळी यायची. मग प्रत्येकाच्या खांद्यावर दगडांनी भरलेली झोळी द्यायची आणि तासभर हॉलभोवती फिरवायचं. का, तर "आपला भार ओळखा". त्यानंतर माप. मग तिथेच सतरंज्यांवर आडवं व्हायचं. सकाळी उठल्या उठल्या, चहासुद्धा न घेता, दुसरं माप. आणि शेवटचा नियम सगळ्यात महत्त्वाचा. घरी गेल्यावर पुन्हा मोजायचं नाही. "मोजणं म्हणजे संशय. संशयालाही वजन असतं," बाबा म्हणायचे आणि लोक माना डोलवायचे. बाबांच्या आसनामागे खांबावर पितळेची एक रेघ ठोकलेली होती. तिच्यावर त्यांची उंची कोरली होती, १७२०. रोज सकाळी ते तिच्याखाली उभे राहायचे आणि डोकं बरोबर रेघेला लागायचं. "भारमुक्त देह घटत नाही," म्हणायचे.

वहिनीने स्वतःही झोळी उचलली होती. तिच्या कार्डावर पंधरा मिलिमीटर होते. ते कार्ड ती पर्समध्ये जपून ठेवायची.

मी दादाला गाठलं. दादा बस चालवतो, तापट माणूस, पण बायकोपुढे मऊ. "पट्टा परत घाल तिला," मी म्हटलं.

"अगं, मुलगी वाढलेली मी डोळ्यांनी बघितली. तूही बघितलीस. खोटं आहे का ते?"

"खोटं नाही. पण..."

"पण काय?"

पण काय, ते मलाही माहीत नव्हतं. नुसत्या संतापाने कुणाला काही पटवता येत नाही. मी मान खाली घालून दुकानात आले.

असे साडेतीन आठवडे गेले. तेवढे दिवस पट्टा कपाटावर पडून होता. मी रोज बडबडायचे आणि वहिनी माझ्याशी रोज थोडं कमी बोलायची.

मग एके दिवशी संध्याकाळी टाचणी शाळेतून थेट माझ्या दुकानात आली. दप्तर टाकलं, बूट काढले आणि माझ्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली. तिथे मी मुलांना उभं करून उंची घेते. पट्टी लावलेली आहे.

"मोज," ती म्हणाली.

"बाबांनी मोजू नका सांगितलंय ना?"

"म्हणूनच मोज. जे मोजायचं नाही म्हणतात त्यात काहीतरी असणार."

मी मोजलं. पुन्हा मोजलं. एक हजार चारशे अठ्ठ्याहत्तर. तिने खिशातून कार्ड काढलं, माझ्या खडूने टेबलावर वजाबाकी केली आणि वर बघून विचारलं, "आत्या, चौदातले बारा कुठे गेले?"

आणि त्या क्षणी मला जुळ्यांची आठवण झाली.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शाळेतली दोन जुळी मुलं, इतकी सारखी की त्यांची आईही कधीकधी चुकायची. एकाचं माप मी सकाळी पहिल्या तासाला घेतलं, दुसऱ्याचं दुपारी, खेळून दमून आल्यावर. उंचीत अकरा मिलिमीटरचा फरक पडला आणि मी त्या हिशेबाने दोन वेगवेगळ्या लांबीचे शर्ट शिवले. आई भांडायला आली. मी मुलांना पुन्हा एकत्र उभं केलं तर दोघं अगदी सारखी. तेव्हा मी टेपला दोष दिला. कापडी टेप वापरून वापरून ताणते, हे आम्हा शिवणाऱ्यांना ठाऊक असतं. टेप कचऱ्यात टाकली, नवी आणली, आईची माफी मागितली आणि विषय संपवला. टेप बिचारी निर्दोष होती. माझंच डोकं चाललं नव्हतं.

"टाचणे," मी म्हटलं, "उद्या सकाळी उठल्याबरोबर माझ्याकडे ये. बिछान्यातून सरळ इथे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची उंची एक हजार चारशे एकोणनव्वद भरली. ना झोळी, ना बाबा, ना सतरंजी. आपल्याच घरी, आपल्याच गादीवर झोपून अकरा मिलिमीटर.

मग आम्हा दोघींना नादच लागला. आठ दिवस वही ठेवली. मी स्वतः, सकाळ-संध्याकाळ, बारा मिलिमीटरचा फरक. शेजारचे इस्त्रीवाले काका दिवसभर उभे असतात, त्यांचा सोळा. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मी रोज सकाळी चमत्कार असतो आणि रोज संध्याकाळी उतरतो?" दादालाही एकदा जबरदस्तीने उभा केला, स्टिअरिंगवर दहा तास बसून तेरा कमी. पोस्टमन, भाजीवाल्या मावशी, जो दुकानात येईल तो. प्रत्येक जण सकाळी उंच, संध्याकाळी बुटका. टाचणी आकडे मिलिमीटरमध्ये लिहायची, शेजारी सेंटिमीटर, आणि शेवटच्या रकान्यात "बाबांचे सूक्ष्म" म्हणून पुढे तीन शून्यं जोडायची. काकांच्या सोळा हजारांवर तिने स्वतःच टाळी वाजवली.

वही घेऊन आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वही बघून त्यांना मनापासून आनंद झाला, पट्टा काढल्याचं ऐकून तेवढाच राग आला. त्यांनी समजावलं ते अगदी सोपं होतं. मणक्यामणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते, पाण्याने भरलेली. दिवसभर उभं राहून, बसून, ओझं वाहून ती दबते आणि तिच्यातलं पाणी थोडंथोडं बाहेर जातं. आडवं झालं की वजन उतरतं, गादी पुन्हा फुगते. एकेका गादीचा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, पण गाद्या वीसच्या वर. बेरीज केली की एक-दीड सेंटिमीटर सहज. "दगडांची झोळी तासभर दिली तर आणखी दबणारच," त्या म्हणाल्या. "आणि याचा कणा वाकण्याशी, तो सरळ होण्याशी काडीचा संबंध नाही."

माझ्या खुर्चीवरच्या फोमच्या उशीचंही असंच होतं. दिवसभर मी बसते, ती चपटी होते, सकाळी पुन्हा टम्म. तिला कुणी हार घालत नाही.

रविवारी संध्याकाळी सभा होती. मी, टाचणी, दादा, काका, सगळे गेलो. वहिनी आधीच तिथे होती, पहिल्या रांगेत, नव्या लोकांना झोळ्या वाटत. आम्हाला बघून तिचा चेहरा उतरला.

बाबा बोलत होते. टाचणी उठली आणि भर सभेत म्हणाली, "मला आत्ता मोजा."

"बाळ, तुझा भार उतरलाय. पुन्हा मोजायचं नसतं."

"उतरलाय तर मोजायला काय हरकत आहे?"

लोकांत कुजबुज झाली. बाबा हसले. "हा संशय तुझा नाही. कुणीतरी तुझ्या मनात घातलाय." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो, मी घातलाय," मी उठून म्हटलं. "माझा धंदाच मापाचा आहे. मुलीला मोजायचं नसेल तर राहू द्या. तुम्ही या. ती पितळेची रेघ आहे ना तुमच्या मागे, एक हजार सातशे वीस? भारमुक्त देह घटत नाही म्हणता. सगळ्यांनी तुम्हाला सकाळी तिच्याखाली बघितलंय. आत्ता संध्याकाळ आहे. दोन पावलं मागे सरका आणि उभे राहा. डोकं रेघेला लागलं तर मी या सगळ्यांसमोर तुमचे पाय धरीन."

बाबा उभे राहिले नाहीत. एका शिष्याने माइक हातात घेतला आणि मला बाहेर जायला सांगितलं. दोघं जण माझ्याकडे यायलाही लागले. दादा मध्ये आला. मागून कुणीतरी ओरडलं, "हिला हाकला." पण मी हलले नाही. टाचणीने माझा हात धरला होता.

तेवढ्यात वहिनी उठली. तिने हातातली झोळी खाली ठेवली, चपला काढल्या आणि कुणाला काही न विचारता भिंतीवरच्या पट्टीला पाठ लावून उभी राहिली. पर्समधून कार्ड काढून तिने इस्त्रीवाल्या काकांच्या हातात दिलं.

"फळी ठेवा डोक्यावर," ती म्हणाली. "आणि मोठ्याने वाचा."

काकांनी फळी टेकवली, चष्मा सारखा केला. "एक हजार पाचशे सव्वीस."

"कार्डावर काय आहे?"

"सकाळ, एक हजार पाचशे एकेचाळीस. संध्याकाळ, एक हजार पाचशे सव्वीस."

"म्हणजे जेवढी वाढले होते तेवढी पुन्हा घटले," वहिनी म्हणाली. ती बाबांकडे वळली. "माझ्या चुकांचा भार मुलीच्या पाठीवर आहे म्हणालात. ते ऐकून मी रोज रडत होते. पाच आठवडे तिला पट्टा घालू दिला नाही. आता तुम्ही उभे राहा या रेघेखाली. मी बघते तुमचा भार."

बाबा म्हणाले, "तू पुन्हा संशय घेतलास, म्हणून घटलीस."

"आणि तुम्ही? तुम्ही कसला संशय घेतलात?"

बाबा उठून आतल्या खोलीत गेले. जाताना पितळी रेघेपासून लांबून गेले, ते सगळ्यांनी पाहिलं. नंतर एक हमाल पुढे आला आणि पट्टीला उभा राहिला. मग एक नर्स. मग ते डोळे पुसणारे आजोबा. प्रत्येकाने आपलं कार्ड काढलं, काका मोठ्याने वाचत राहिले आणि टाचणी वहीत लिहीत राहिली. सगळेच घटले होते.

सगळ्यांना पटलं असं मात्र समजू नका. निम्मे लोक आमच्याकडे रागाने बघत निघून गेले. दंड धरणारी ती बाई मला म्हणाली, "तुम्हाला काय मिळालं आमचा आनंद घालवून?" महिन्याभरात बाबांनी हॉल सोडला. आता दुसऱ्या एका गावात ते माणसांची सावली मोजतात असं ऐकते. सावली सकाळ-दुपार किती बदलते ते मी सांगायला नको.

नव्या एक्स-रेमध्ये टाचणीचा कणा चार अंशांनी जास्त वाकलेला निघाला. सगळं आलबेल झालं असं सांगता आलं असतं तर मलाही आवडलं असतं, पण तसं झालं नाही. पाच आठवड्यांचे चार अंश गेले ते गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून हातात आहे, आता एक दिवसही सोडू नका. टाचणी सोडत नाही. शाळेत पोरांनी पाठीवर टकटक केली तर म्हणते, "घरात कणा आहे. तुमच्यात आहे का बघा."

पट्टा रोज सकाळी वहिनी बांधते. बेकरीत ती आता तासभर उशिरा जाते, मालकाशी भांडून मिळवलेली सवलत आहे ती. पट्ट्याच्या आत घालायचे सुती बनियन मी शिवते, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून, म्हणजे वळ उठत नाहीत.

त्या हॉलमधली पट्टी खरी होती, हे मी आजही सांगते. खऱ्या पट्टीवर खोटं बोलता येतं; एक माप दाखवायचं आणि दुसरं घेऊ द्यायचं नाही, की झालं. म्हणून कुणी मोठा आकडा फेकला तर आधी विचारा, कसले? हजार, पण हजार काय? मग त्याला हजाराने, दहाने भागून आपल्या ओळखीच्या मापात आणा. आणि जो म्हणतो "पुन्हा मोजू नका", त्याच्यासमोरच चपला काढून उभे राहा आणि पुन्हा मोजा. दुकानात आमची वही अजून उघडी आहे, पट्टी दाराला आहे. सकाळी या, संध्याकाळी या.